परिच्छेद अकरा

प्रजनन हक्कांचा कायदा आणि वकिली या क्षेत्रातील एका वर्षाच्या व्यावसायिक फेलोशिपसाठी मी अर्ज केला, त्याला आता काही महिने झाले. अर्जासोबत पाच गोष्टी मागितल्या होत्या: वैयक्तिक निवेदन, प्रकल्पाचा आराखडा, ज्या संस्थेत राहून काम करायचे तिचे संमतीपत्र, दोन शिफारसपत्रे आणि स्वतः लिहिलेल्या कायदेविषयक मजकुराचा एक नमुना. पाचवी गोष्ट माझ्याकडे तयारच होती, म्हणून तिच्यासाठी मी फक्त एक संध्याकाळ राखून ठेवली होती. प्रत्यक्षात सर्वांत जास्त दिवस तिच्यावरच गेले, आणि उरलेला अर्जही तिच्यामुळेच नव्याने लिहावा लागला.

नमुना म्हणून मी उच्च न्यायालयात दाखल केलेली एक रिट याचिका निवडली होती. गर्भातील गंभीर व्यंग उशिरा लक्षात आल्यामुळे गर्भपाताची चोवीस आठवड्यांची कायदेशीर मर्यादा उलटलेली एक विवाहित स्त्री, तिच्या विरोधात गेलेला, तज्ज्ञ डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि शेवटी न्यायालयाने दिलेली परवानगी, असे ते प्रकरण होते. याचिका आम्ही जिंकलो होतो. ती दोन रात्रींत लिहिलेली असूनही नेटकी उतरली होती, आणि खरे सांगायचे तर मला तिचा अभिमान होता.

अशा प्रकरणातील मजकूर बाहेरच्या कोणाच्या हाती द्यायचा, तर पक्षकाराची ओळख पटेल असे काहीही त्यात राहता कामा नये. २०२१ च्या दुरुस्तीने वैद्यकीय गर्भपात कायद्यात आलेले कलम ५अ डॉक्टरांना गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचे नाव व तपशील उघड करण्यास मनाई करते आणि त्याच्या भंगासाठी एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद करते. हे कलम वकिलांना थेट लागू होत नसले, तरी पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले जपण्याचे आमचे बंधन त्याहून जुने आहे. म्हणून मी याचिकेची प्रत छापून घेतली आणि काळे पेन घेऊन बसले. नाव, वय, गाव, रुग्णालय, सोनोग्राफीच्या तारखा, पतीचा व्यवसाय, मोठ्या मुलीची इयत्ता, असे एकेक खोडत गेले. आठवड्यांची नेमकी संख्या आणि रुग्णालयाचा प्रकार एकत्र वाचले तर ओळखीच्या माणसाला अंदाज येईल, हे दुसऱ्या वाचनात लक्षात आले, तेव्हा त्यांतले एक खोडले. कामाला तीन तास लागले. पाने समोर पसरून पाहिले, तर प्रत्येक परिच्छेदात काळ्या पट्ट्या होत्या. फक्त परिच्छेद अकरामध्ये एकही नव्हती.

याचिका इंग्रजीत होती. तो परिच्छेद मराठीत साधारण असा होईल: ‘याचिकाकर्ती ही प्रतिष्ठित कुटुंबातील विवाहित स्त्री असून प्रस्तुत गर्भधारणा तिला व तिच्या कुटुंबीयांना मनापासून हवी होती. सदर परिस्थितीमुळे ती तीव्र मानसिक क्लेशातून जात आहे. तिचे पती तसेच सासू-सासरे यांचीही या निर्णयास पूर्ण संमती आहे.’ यात खोडण्याजोगे काही नव्हते, कारण यात ती कुठेच नव्हती. हा परिच्छेद मी माझ्या आधीच्या एका याचिकेतून उचलला होता, त्या याचिकेत तो माझ्या सीनिअरांच्या याचिकेतून आला होता, आणि त्यांच्याकडे तो कुठून आला असेल हे मी कधी विचारलेही नव्हते.

त्याच वेळी मला प्रतिज्ञापत्राचा दिवस आठवला. याचिका इंग्रजीत आणि पक्षकार मराठी असेल, तर मजकूर तिला मराठीत समजावून सांगितल्याची नोंद प्रतिज्ञापत्रात करावी लागते, आणि ती नोंद खोटी असू नये म्हणून मी खरोखरच एकेक परिच्छेद वाचून त्याचा अर्थ सांगते. अकरावा परिच्छेद ऐकल्यावर तिने मला थांबवले आणि विचारले, “मॅडम, सासूबाईंची परवानगी लागते का याला?” मी म्हटले, “लागत नाही. पण असलेलं बरं.” तिने मान हलवली, सही केली आणि आम्ही बाराव्या परिच्छेदाकडे वळलो.

‘असलेलं बरं’ या दोन शब्दांत मी काय केले होते, ते कायद्याच्या रचनेतून पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे गर्भपात हा मुळात गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ३१२ गेले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८८ आले, तरी स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीसुद्धा त्या कलमाखाली येते, हे स्पष्टीकरण जसेच्या तसे राहिले. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा या गुन्ह्याला अपवाद घालून देतो, आणि त्याच्या कलम ३ ची सुरुवातच मुळी ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी अपराधी ठरणार नाही’ अशा अर्थाच्या वाक्याने होते. १९६४ साली नेमलेल्या शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींतून हा कायदा आला, त्याने असंख्य स्त्रियांचे जीव वाचवले, हे कोणी नाकारणार नाही. पण त्यात संरक्षण मिळते ते डॉक्टरला, आणि निर्णय होतो तो डॉक्टरच्या सद्भावपूर्वक बनलेल्या मताने. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, वीस ते चोवीस आठवड्यांत नियमांत नमूद केलेल्या गटांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत, आणि त्यापुढे गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तरच मुभा. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात तेवढा या मर्यादांबाहेर. सज्ञान आणि मानसिक आजार नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा कायदा तिच्या स्वतःच्या संमतीखेरीज दुसऱ्या कोणाचीही संमती मागत नाही. पतीची नाही, सासूची तर नाहीच नाही.

न्यायालयांची भाषा मात्र गेल्या काही वर्षांत पुष्कळ पुढे गेली आहे. मूल होऊ देणे अथवा न देणे हा निर्णय संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात म्हटले. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने त्याला खासगीपणाच्या हक्काचे बळ दिले. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रियांना वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत आणले आणि घरच्यांची संमती मागण्यासारख्या, कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी लादू नयेत, असेही बजावले. (या विषयावरच्या प्रत्येक अर्जात हा निकाल असणार. माझ्या पहिल्या मसुद्यात तो चार वेळा होता.) त्यानंतर वर्षभरातच, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, दोन मुलांची आई असलेल्या आणि प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर उपचार घेणाऱ्या स्त्रीला सव्वीस आठवड्यांच्या पुढे त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली, कारण तिचे प्रकरण अपवादाच्या चौकटीत बसत नव्हते. हक्काची भाषा आणि परवानगीचा व्यवहार अशा दोन रुळांवर आमचे काम चालते. निकालपत्रातली हक्काची वाक्ये मी याचिकेत दाटीवाटीने उद्धृत करते आणि अकराव्या परिच्छेदात पुन्हा परवानगी मागणारी सून उभी करते. डॉक्टरांनी घालू नये म्हणून न्यायालयाने बजावलेली अट मी, तिची वकील, स्वतःच्या हाताने घालून दिली होती.

हे ध्यानात आल्यावर वैयक्तिक निवेदनाचा माझा मसुदा वाचवेना. त्याची सुरुवात मी र. धों. कर्व्यांपासून केली होती. १९२१ मध्ये त्यांनी काढलेले संततिनियमन केंद्र, १९२७ पासून चालवलेले ‘समाजस्वास्थ्य’, १९३४ मध्ये त्यांच्यावर चाललेला अश्लीलतेचा खटला, त्यात त्यांच्या बाजूने उभे राहिलेले आणि हरलेले डॉ. आंबेडकर, आणि पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा पुरस्कार करणारा प्रस्ताव आणवला तो प्रसंग, असे सगळे त्यात होते. एका मैत्रिणीने ते वाचून विचारले, “हा अर्ज कर्व्यांचा आहे की तुझा?” त्या वेळी मला राग आला होता, पण तिचे म्हणणे बरोबर होते. वकिलाला लिहिताना ‘मी’ म्हणायची सवयच नसते. आम्ही ‘याचिकाकर्तीचे नम्र निवेदन असे की’ या आडोशाने बोलतो आणि आडोसा काढून घेतला की दुसऱ्या कोणाच्या तरी थोरवीमागे जाऊन उभे राहतो. मी कर्व्यांची दीड पाने काढून टाकली आणि निवेदनाची सुरुवात प्रतिज्ञापत्राच्या दिवसापासून केली. ‘असलेलं बरं’ हे माझे उत्तरही तिथे घातले. निवड समितीपुढे स्वतःची चूक पहिल्याच परिच्छेदात मांडावी की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. पण ज्या माणसाला एका वर्षाचा पगार आणि मोकळा वेळ द्यायचा, त्याला नेमके काय दुरुस्त करायचे आहे हे समितीला कळायला हवे, आणि मला दुरुस्त करायचे होते ते माझ्याच संगणकातले.

प्रकल्पाचा आराखडाही त्यामुळे आक्रसला, आणि ते चांगलेच झाले. आधी त्यात जनजागृती शिबिरे होती, डॉक्टरांचे प्रशिक्षण होते, पोलिसांसाठी पुस्तिका होती, म्हणजे जे कोणी कधीच पूर्ण करत नाही ते सर्व होते. नव्या आराखड्यात एकच काम ठेवले: चोवीस आठवड्यांनंतरच्या प्रकरणांत उच्च न्यायालयांनी दिलेले उपलब्ध आदेश वाचायचे, त्यांत स्त्रीच्या चारित्र्याचा, वैवाहिक स्थितीचा आणि कुटुंबाच्या संमतीचा उल्लेख कुठे येतो, तो याचिकेतून येतो की न्यायालयाकडून, आणि आदेशाच्या कारणमीमांसेत त्याला काही काम असते का, हे तपासायचे, आणि वर्षाअखेरीस जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वकिलांना वापरता येईल असा याचिकेचा नमुना तयार करायचा. वैद्यकीय मंडळाने केवळ गर्भातील व्यंगाकडे न पाहता गर्भवतीच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचेही मूल्यमापन अहवालात करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा स्त्रीच्या मनःस्थितीबद्दल याचिकेत लिहायचे आहेच. फक्त ते तिचे स्वतःचे असावे, उचललेले नसावे.

आराखड्यात तुलनेसाठी मी कोलंबिया घेतला. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००६ मध्ये तीन अपवादांत गर्भपाताला मुभा दिली होती: जिवाला अथवा आरोग्याला धोका, जगण्याशी विसंगत असे गर्भातील व्यंग, आणि बलात्कार. चौदा-पंधरा वर्षे त्या अपवादांच्या आधारे प्रकरणे लढवल्यावर तिथल्या स्त्री-संघटनांना दिसून आले, की अपवाद कागदावर जेवढा रुंद असतो तेवढा रुग्णालयाच्या दारात राहत नाही, कारण मागे गुन्ह्याचे कलम उभे असते. म्हणून २०२० मध्ये त्यांनी चौथा अपवाद मागितला नाही, तर दंडसंहितेतील गुन्ह्यालाच आव्हान दिले, आणि २१ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चोवीस आठवड्यांपर्यंतचा गर्भपात गुन्ह्यातून वगळला. त्यांची घटना वेगळी, त्यांचा इतिहास वेगळा, आणि आपल्याकडे उद्या कलम ८८ ला आव्हान द्यावे असे मी सुचवत नव्हते. पण आपण अपवादाच्या दारात पक्षकाराला कोणत्या वेषात उभे करतो, याचा हिशेब कोणीतरी ठेवला तर पुढच्या वकिलांना तो उपयोगी पडेल, एवढेच मला म्हणायचे होते.

शिफारसपत्राची अडचण वेगळीच निघाली. माझे काम सर्वांत जवळून पाहिलेले माझे सीनिअर, आणि अकरावा परिच्छेद त्यांचाच. न सांगता पत्र मागणे मला जमले नसते, म्हणून मी आराखडा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा समोर बसलेल्या बाईचे आठवडे मोजले जात होते. तिचं काम व्हायला हवं होतं. चळवळीचं नंतर बघता येतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि पूर्ण उत्तर आजही नाही. नोटीस, मंडळाची तपासणी, अहवाल, पुढची तारीख यांत एक आठवडा सहज जातो, आणि अशा वेळी तत्त्वासाठी पक्षकाराचा धोका वाढवण्याचा हक्क वकिलाला नसतो. फेलोशिपवाल्या वकिलाला तर मुळीच नसतो, कारण त्याचा पगार निकालावर अवलंबून नसतो. मी एवढेच म्हणू शकले, की त्या परिच्छेदाने खरेच काम होते का, हे आपण कधी तपासलेले नाही, आणि मला तेच तपासायचे आहे. त्यांनी पत्र दिले. चांगले दिले, असे मला नंतर कळले. अर्जदाराला ते वाचता येत नाही.

संस्थेच्या संमतीपत्राबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ते लवकर मागावे, कारण संस्थांना स्वतःच्या बैठका असतात, आणि वर्ष संपल्यावर या कामाचे काय होणार याचे उत्तर घेऊनच जावे, कारण ते पहिल्याच भेटीत विचारतात. शब्दमर्यादा पाळावी. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ संथ होते, हेही सर्वांना माहीत असून सर्वजण शेवटच्या दिवशीच अर्ज भरतात. मीही तसाच भरला.

मुलाखत ऑनलाइन होती, समोर तिघे जण होते. माझी तयारी निकालांची होती. त्यांना निकालांत रस नव्हता. एकीने विचारले, “न्यायमूर्तींनी थेट विचारलं, की पतीची संमती आहे का, तर तुम्ही काय सांगाल?” मी म्हणाले, की कायद्याला ती लागत नाही, असे सांगेन. त्या म्हणाल्या, “ते त्यांनाही माहीत आहे. ते विचारतायत की आहे का.” मी काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, की या प्रश्नाचे काय उत्तर द्यायचे ते मी पक्षकाराला आधीच विचारून ठेवीन. हे उत्तर त्या क्षणी सुचले होते, तयार केलेले नव्हते, आणि सबंध मुलाखतीत बहुधा तेवढेच बरे होते.

दुसरा प्रश्न मात्र वर्मी लागला. बहुतेक गर्भपात गर्भधारणेच्या पहिल्या काही आठवड्यांत होतात. उच्च न्यायालयापर्यंत पोचणारी प्रकरणे त्या मानाने नगण्य. “तुमच्या आराखड्यात, औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या नाहीत म्हणून परत पाठवलेली बाई कुठे आहे?” असे त्यांनी विचारले. ती कुठेच नव्हती. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा आणि गर्भपाताचा कायदा यांची गल्लत औषधविक्रेत्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत कितीतरी लोक करतात, तपासणीच्या भीतीने दुकानदार गोळ्या ठेवतच नाहीत, आणि सातव्या आठवड्यात परत पाठवलेली बाईच कधीकधी पंचविसाव्या आठवड्यात माझ्या कार्यालयात येते, हे मला माहीत होते. पण मी ज्या याचिका लिहिते तिथूनच मी विषय पाहिला होता. मी तसे कबूल केले. त्यांनी काहीतरी टिपून घेतले आणि आभार मानले.

सहा आठवड्यांनी उत्तर आले. मी प्रतीक्षा यादीत होते, आणि यादीतून पुढे बोलावणे आले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्यास हरकत नाही, असे पत्रात लिहिले होते. मी तो करणार आहे. या वेळी आराखड्याचा अर्धा भाग औषधाच्या दुकानापासून सुरू होईल, आणि त्यासाठी आतापासूनच एका औषधविक्रेत्याशी बोलणे चालू आहे. तो बोलतो, पण दुकानात नव्हे.

मधल्या काळात चोवीस आठवड्यांपुढचे आणखी एक प्रकरण आले. जुनी फाइल उघडून नवी याचिका तयार करायची माझी पद्धत या वेळी मी मोडली आणि कोऱ्या पानावर लिहिले. तिच्या मनःस्थितीविषयीचा परिच्छेद तिच्याशी तासभर बोलून, शक्य तितका तिच्याच शब्दांत उतरवला. त्यात झोप न लागण्याचा उल्लेख नाही, कारण तिला झोप लागत होती, आणि जागे झाल्यावर क्षणभर काहीच आठवत नाही ते सर्वांत वाईट असते, असे तिने सांगितले. कुटुंबाच्या संमतीबद्दल एक शब्दही ठेवला नाही. प्रतिज्ञापत्राच्या दिवशी मी मजकूर मराठीत समजावून सांगितला. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि विचारले, “यात आमच्या मिस्टरांचं काहीच नाही?”

मी म्हटले, “कायद्याला लागत नाही.”

“लागत नसेल. पण पाच दिवस कामावर खाडे करून तो माझ्याबरोबर येतोय. बाहेर बाकावर बसलाय आत्तासुद्धा. त्याचं नाव येऊ दे की कुठेतरी.”

मी पान पुन्हा उघडले. तिसऱ्या परिच्छेदात, जिथे ती कोणत्या तारखेला कोणत्या रुग्णालयात गेली याचा तपशील आहे, तिथे एक वाक्य वाढवले: ‘या प्रत्येक वेळी याचिकाकर्तीचे पती तिच्यासोबत होते.’ तिला वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले, आणि मग सही केली.